शिपायाचा छातीपट्टा

(आकाशवाणीवरील भाषण)



गेल्या दिवाळीच्या सुटींत सैन्यांत असलेला माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यानें पिशवींतून एक वस्तु काढून माझ्यापुढें घोंगडीवर ठेविली. जाड कापडाचे चार खण एका ओळींत शिवलेले, खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुलीसारखे येणारे दोन पट्टे, आणि कमरेमागें आवळावयाचा एक बंद, अशी ती वस्तु होती. तिला हल्लीं 'चेस्ट रिग' म्हणतात. आपण छातीपट्टा म्हणूं. छावणीजवळच्या बाजारांतून त्यानें तो स्वतःच्या पैशानें, थोडक्या किंमतींत विकत घेतला होता. दुकानांत दुसराही एक पट्टा होता, परंतु त्याची किंमत याच्या चौपट होती, आणि तेवढ्या पैशांत घराच्या पडवीवर पत्रे पडत होते. "गुरुजी, तुम्ही आम्हांला लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. आतां हा पट्टा विश्वासाचा आहे कीं नाहीं, तेवढें सांगा," असें तो म्हणाला.

मीं उभ्या आयुष्यांत खडू आणि छडी यांवांचून दुसरें शस्त्र हातीं धरलें नाहीं, त्यामुळें प्रथम मला हसूं आलें. पण त्याचा चेहरा गंभीर होता. पडवीचे पत्रे वांचवितांना आपण आपल्या जिवाची काटकसर तर केली नाहीं ना, हें त्याला विचारावयाचें होतें. मीं त्याच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि इतिहासाच्या शिक्षकास जें करतां येतें तें केलें. आजवर शिपायांनीं आपलें सामान अंगावर कसें वाहिलें, त्यांतील कोणत्या सोयी टिकल्या आणि कोणत्या टाकून द्याव्या लागल्या, याचा हिशेब मांडला. तोच हिशेब आज आपणांपुढें ठेवीत आहें.

शिपायाचीं ओझीं दोन प्रकारचीं असतात: एक कूचाचें आणि दुसरें झुंजेचें. अंथरूण, शिधा, भांडींकुंडीं हें कूचाचें ओझें. तें प्रसंगीं खालीं टाकतां येतें. परंतु काडतुसें, पाणी, जखमेवर बांधावयाची पट्टी हें झुंजेचें ओझें. तें अंगावेगळें करतां येत नाहीं. इसवी सनापूर्वीं १०७ सालीं रोमचा कॉन्सल झालेल्या मारियस यानें सैन्यामागील जनावरांचा तांडा कमी केला आणि शिपायाचें सामान शिपायाच्याच खांद्यावर दिलें. बेळक्याच्या दांड्यास गांठोडें अडकवून चालणाऱ्या त्या शिपायांस लोक 'मारियसचीं खेचरें' म्हणूं लागले. तथापि लढाईची वेळ आली म्हणजे तो दांडा खालीं ठेवतां येत असे. याच्या उलट प्रकार १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणभूमीवर घडला. त्या सकाळीं खंदकांतून बाहेर पडलेल्या ब्रिटिश शिपायांच्या अंगावर सुमारे ३० किलो भार होता, आणि त्या भारासह त्यांना मशीनगनच्या तोंडाशीं चालत जावें लागलें. त्या संहाराचीं कारणें अनेक आहेत. पण वांकलेल्या मनुष्यास धांवतां येत नाहीं, हें त्यांतील एक होय.

सामानाचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्नही कांहीं आजचा नव्हे. मराठ्यांच्या फौजेंत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदार घोडा व हत्यारें आपलीं स्वतःचीं घेऊन चाकरीस येई. बारगिरास तीं सरकारांतून मिळत. माझा विद्यार्थी चाकरीनें बारगीर खरा, परंतु या एका पट्ट्यापुरता तो शिलेदार झाला होता!

आतां छातीकडे वळूं. बंदूक आली आणि तिच्याबरोबर दारूगोळा अंगावर बाळगण्याची अडचण आली. सतराव्या शतकांत युरोपांतील बंदूकवाले शिपाई खांद्यावरून छातीवर एक तिरपा पट्टा घालीत आणि त्यास लाकडाच्या लहान नळ्या टांगीत. एकेका नळींत एकेका बाराची दारू मोजून भरलेली असे. या नळ्या बहुधा बारा असत, म्हणून इंग्रजींत त्यांस ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचें नांव पडलें. सोय खरी, पण दोष मोठे. चालतांना नळ्या एकमेकींवर खडखडत, त्यामुळें रात्रीं गुप्तपणें जाणें कठीण. आणि हातांत पेटता तोडा असल्यामुळें छातीवरच्या दारूस आग लागण्याचें भय निराळेंच. पुढें दारू व गोळी एकाच कागदांत गुंडाळलेलें काडतूस प्रचारांत आलें आणि चामड्याच्या पेटीनें त्या नळ्यांस निरोप दिला. या पेटीलाच आपल्या जुन्या मराठींत 'तोसदान' म्हणत. कॉकेशस पर्वतांतील लोकांनीं मात्र छाती सोडली नाहीं. त्यांच्या लांब अंगरख्याच्या छातीवर दोन्ही बाजूंस नळ्यांसाठीं अरुंद खिशांची रांग शिवलेली असे. कालांतरानें त्या नळ्यांत दारू उरली नाहीं, तरी शोभा म्हणून ती रांग राहिली. ज्या ठिकाणीं हात सहज जातो, तें ठिकाण मनुष्य लवकर विसरत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

यानंतरची गोष्ट कापडाची आहे. एकोणिसाव्या शतकांत पितळी काडतुसें आलीं. तीं चामड्यांत ठेविलीं म्हणजे त्यांवर हिरवा कळंक चढे आणि तीं ऐन वेळीं बंदुकींत अडकत. शिवाय चामडें भिजलें कीं ताणतें आणि वाळलें कीं कडक होतें. अमेरिकेच्या सैन्यांतील ॲन्सन मिल्स नांवाच्या अधिकाऱ्यानें या त्रासावर उपाय शोधण्यांत आयुष्यांतील कित्येक वर्षें घालविलीं. त्याच्या काडतुसांच्या पट्ट्याचें पहिलें पेटंट १८६७ चें आहे. पुढें चामडें सोडून त्यानें जाड सुती पट्टी मागावर विणण्याची युक्ति साधली. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत चामडी सामानाचे दोष ब्रिटिशांच्याही अनुभवास आले, आणि १९०८ सालीं त्यांनीं सबंध पायदळासाठीं सुती पट्ट्यांचा नवा साज स्वीकारला. त्यांत पुढें दोन्ही बाजूंस पांच-पांच कसे असून १५० काडतुसें मावत, आणि सगळा साज एखाद्या कोटासारखा एकदम चढवितां व उतरवितां येई. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां हें विणकाम मागणीस पुरें पडेना, म्हणून पुन्हां चामड्याचाही साज काढावा लागला. म्हणजे चांगली वस्तु ठाऊक असणें निराळें आणि ती लाखोंच्या संख्येनें व परवडेल अशा किंमतींत करतां येणें निराळें. ही गोष्ट पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

पुढील फरक बंदुकीनेंच घडविला. सुटीं काडतुसें जाऊन तीस-तीस गोळ्यांचीं मॅगझिनें आलीं. ब्रेन नांवाच्या हलक्या मशीनगनचीं मॅगझिनें सेक्शनमधील प्रत्येकास वाहतां यावींत, म्हणून ब्रिटिशांच्या १९३७ च्या साजांत लहान लहान कसे जाऊन छातीच्या खालीं दोन मोठे चौकोनी कसे आले. दुसऱ्या महायुद्धांत आपले शिपाईही आफ्रिकेंत, इटलींत आणि ब्रह्मदेशांत हाच साज घालून लढले.

येथें एका वीराचें स्मरण केल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या सेक्शनवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधील सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धांवून गेले. हातगोळा फेंकून त्यांनीं ती गन बंद पाडली आणि टॉमीगननें आणखी एका शत्रूस मारिलें. इतक्यांत मॅगझिन रिकामें झालें. दुसरें चढविण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनीं गन नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून ते त्याच मोर्चांत पडले. वय अवघें बावीस वर्षांचें. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. साज दुसरा असता तर ते वांचले असते, असें मी मुळींच म्हणत नाहीं. त्यांस मारणाऱ्या गोळ्या दुरून आल्या होत्या. परंतु "मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता" हें वाक्य वर्गांत सांगतांना दरवर्षीं माझा आवाज अडखळत असे. छातीपट्ट्याचें सारें शास्त्र त्या एका क्षणासाठीं आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. आज बाजारांत मिळणाऱ्या अशा पट्ट्यांच्या पूर्वजांत ज्याचें नांव प्रथम घ्यावें लागेल, तो चीनमध्यें जन्मला. चीननें १९५६ सालीं रशियन नमुन्याच्या रायफली स्वीकारल्या आणि त्यांना 'छप्पन नमुना' असें नांव दिलें. त्यांतील कलाश्निकोव्ह धर्तीच्या रायफलीसाठीं जो पट्टा निघाला, त्याहून साधी वस्तु कल्पितां येणें कठीण. जाड सुती कापड; मध्यें वांकड्या मॅगझिनांसाठीं तीन उंच खण; दोन्ही कडांस तेलाची कुपी व किरकोळ सामान यांसाठीं दोन-दोन लहान खण; पाठीवर फुली घेणारे दोन पट्टे आणि कमरेला एक बंद. झांकणें लावावयास लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान खुंट्या आणि त्यांत अडकणारे फांस. धातूचें काम जवळजवळ नाहींच. जेथें मोडण्यासारखें कांहीं ठेविलेंच नाहीं, तेथें मोडणार काय?

हा पट्टा चीनच्या मदतीबरोबर देशोदेशीं गेला. व्हिएतनाममध्यें भातखाचरांतून आणि ओढ्यांतून कमरभर पाण्यांत चालावें लागे. कमरेचे कसे पाण्यांत बुडत, पण छातीवरचे खण कोरडे राहत. तेथील गनिमांजवळून मिळालेले हे पट्टे अमेरिकेच्या टेहळणी करणाऱ्या तुकड्यांनीं स्वतः वापरले. ऱ्होडेशियांत, म्हणजे हल्लींच्या झिंबाब्वेंत, गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीविरुद्ध स्वातंत्र्ययोद्धे हेच पट्टे घालून लढले. आणि त्यांच्याशीं लढणाऱ्या सरकारी सैन्यानेंही त्यांची सोय पाहून तीच धर्ती उचलली. १९७९ ते १९८९ या काळांत अफगाणिस्तानांत रशियन शिपायांस सरकारी कसा कमरेस लोंबकळत वागवावा लागे. तो धांवतांना मांडीवर आपटे. म्हणून हातीं लागलेला चिनी पट्टा ते मोठ्या हौसेनें घालीत, आणि न मिळाल्यास तसा स्वतः शिवून घेत. त्या पट्ट्यास त्यांनीं ठेविलेलें नांव होतें 'लिफ्चिक'; रशियन भाषेंत त्याचा अर्थ बायकांची काचोळी! थट्टेनें ठेविलेलें नांव मनुष्य आवडत्या वस्तूसच ठेवितो. एका बाजूचा पट्टा दुसऱ्या बाजूनें आपण होऊन अंगावर चढवावा, याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें? आणि लक्षांत घ्या, ती जगांतील महाग वस्तूंपैकीं नव्हती. अत्यंत स्वस्त वस्तूंपैकीं होती.

याचा अर्थ तिच्यांत दोष नाहींत असा नव्हे. छातीवर खण असले म्हणजे जमिनीस चिकटून पालथें पडतां येत नाहीं, शरीर चार बोटें वर राहतें, आणि लढाईंत चार बोटें थोडीं नव्हेत. उन्हाळ्यांत छाती घामानें भिजून जाते. खण फार फुगले तर चढावर आपलेंच पाऊल दिसत नाहीं. सुती कापड पाणी पितें व ओलें राहिल्यास कुजतें. म्हणूनच १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें आपला साज नायलॉनचा केला. तें लवकर वाळतें, कुजत नाहीं. मात्र आगीपुढें वितळतें.

याहूनही मोठी मर्यादा आम्हां भारतीयांस १९६२ नें शिकविली. त्या सुमाराच्या चिनी पायदळाजवळ छप्पन नमुन्याची अर्धस्वयंचलित रायफल आणि तिच्यासाठीं दहा खणांचा छातीपट्टा असे. प्रत्येक खणांत दहा-दहा गोळ्यांच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण दोनशें गोळ्या. त्या सालच्या २० ऑक्टोबरच्या पहांटे नामका चू नदीकांठीं आपले जवान सुती कपड्यांत, जुन्या रायफली घेऊन उभे होते, आणि त्यांच्या कशांत माणशीं सुमारे पन्नास गोळ्या होत्या. कशाच्या शिवणींत दोष नव्हता. तो भरून देणारे हात दूर राहिले होते. रिकामा खण उत्तम कारागिरीचा असला तरी तो केवळ खिसाच.

हा हिशेब मांडून झाल्यावर तिसऱ्या दिवशीं मीं विद्यार्थ्यास अंगणांत बोलाविलें. चारही खणांत वाळूच्या किलो-किलोच्या पिशव्या भरल्या आणि इतिहासानें सिद्ध केलेले पांच प्रश्न त्या पट्ट्यास विचारले.

पहिला प्रश्न: न पाहतां हात खणापर्यंत पोंचतो काय? डोळ्यांस फडकें बांधून त्याच्याकडून वीस वेळां पिशवी काढविली. एकदांही हात चुकला नाहीं. मांडणी चांगली होती. दुसरा प्रश्न: धांवतां, बसतां व निजतां येतें काय? धांवतांना पट्टा हालला नाहीं. पालथा पडल्यावर छाती उचलली गेली. पण हा दोष जातीचा आहे, किंमतीचा नव्हे. तिसरा प्रश्न: पाण्यांत पडल्यास लवकर सोडतां येतो काय? कमरेची चाप दाबून मान बाहेर काढण्यास त्यास पांच अंक मोजण्याइतकाच वेळ लागला. चवथा प्रश्न: आवाज किती? येथें पट्टा नापास झाला. खणांचीं झांकणें वेल्क्रोचीं होतीं. तें उघडतांना असा चर्र आवाज झाला कीं ओट्यावरचें मांजर दचकून पळालें. मला त्या बारा खडखडणाऱ्या नळ्यांची आठवण झाली.

पांचवा प्रश्न शिवणीचा. पट्टा रात्रभर पाण्याच्या बादलींत भिजविला आणि सकाळीं दुप्पट वाळू भरून झोपाळ्याच्या कडीस टांगला. दुपारपर्यंत डाव्या खांद्याच्या पट्ट्याची शिवण दोन बोटें उसवली. पाहिलें तों पट्टा व खण यांच्या सांध्यावर टांक्यांची एकच ओळ मारलेली. कापड जाड, रंग झोकदार, वर इंग्रजी अक्षरांची चकचकीत चिठ्ठी. आणि सगळा भार जेथें लोंबतो तेथें एकेरी धागा!

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे, गुरुजी, पैसे बुडाले?" त्यानें विचारलें.

मीं त्यास म्हटलें, "नाहीं, बाळ. स्वस्ताई दोन प्रकारची असते. त्या चिनी पट्ट्याची स्वस्ताई अनावश्यक तें गाळल्यामुळें आलेली होती. तुझ्या पट्ट्याची स्वस्ताई आवश्यक तें चोरल्यामुळें आलेली आहे. पहिली गुण आहे, दुसरी लबाडी. सुदैवानें येथें चोरला आहे तो केवळ धागा, आणि धागा परत घालतां येतो."

गांवांत चपला व दप्तरें शिवणारा एक जाणता कारागीर आहे. त्यानें मेण लावलेल्या जाड दोऱ्यानें चारही सांधे चौकोनांत शिवून वर फुली मारून दिली. वेल्क्रो उसवून काढिलें. मीं बांबूच्या पेराच्या करंगळीएवढ्या खुंट्या तासून दिल्या आणि त्यानें सुतळीचे फांस करून त्या जागोजाग बसविल्या. छप्पन सालची युक्ति आमच्या अंगणांत पुन्हां अवतरली, आणि तिला खर्च आला तो दोन वेळच्या चहाइतका. पट्टा पुन्हां रात्रभर भिजविला व दिवसभर टांगला. या वेळीं एकही टांका हालला नाहीं.

निरोप घेतांना मीं त्याला दोन गोष्टी बजाविल्या. एक, वरिष्ठांस दाखवून त्यांची परवानगी घेतल्याखेरीज हा पट्टा कामगिरीवर घालावयाचा नाहीं. कारण पलटणींत सर्वांचे खण एकाच जागीं असले म्हणजे जखमी सोबत्याच्या छातीवरील पट्टी दुसऱ्याच्या हातास अंधारांत सांपडते. दुसरी, खण आहेत म्हणून ते भरावयाचे नाहींत. जें झुंजेंत लागणार नाहीं, तें पाठीवरच्या पिट्टूंत ठेवावयाचें.

श्रोतेहो, माझा अभ्यास एवढाच. पण त्यानें माझ्या मनांतील एक समजूत पालटली. लढायांचा इतिहास म्हणजे राजे, सेनापति आणि तह, असें मीं तीस वर्षें शिकविलें. त्या इतिहासाच्या कडेला कोठेंतरी एक शिंपी बसलेला असतो, आणि त्यानें घातलेला वा वांचविलेला एक टांका शिपायाबरोबर रणांत जातो, हें मीं मुलांना कधींच सांगितलें नव्हतें. आपल्यापैकीं कोणी असें सामान शिवीत असेल, विकीत असेल किंवा सरकारासाठीं तपासून घेत असेल, तर त्यानें वस्तूची किंमत अवश्य कमी करावी. कापड साधें घ्यावें, रंग उणा करावा, ती चकचकीत चिठ्ठी तर खुशाल काढून टाकावी. सांध्यावरची दुसरी ओळ मात्र वांचवूं नये.

विद्यार्थी आपल्या ठाण्यावर पोंचल्याचें पत्र आलें आहे. पट्टा वरिष्ठांनीं पाहिला आणि सरावापुरता घालण्यास मुभा दिली, असें तो लिहितो. पडवीवर पत्रेही पडले आहेत.